भूल आणि भान

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या मंडळाच्या या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, उद्योगधंदे, लग्नकार्यातील खर्चास आळा, विद्यार्थ्यांसाठी निधी अशा अनेक उपयुक्त विषयांवर थोर वक्त्यांची भाषणे झाली आहेत. आम्ही निवडलेला विषय जेव्हा चिटणीसांच्या कानी घातला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे किंचित चमकून पाहिले. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यास दिली जाणारी भूल हा ज्ञातिमेळाव्यात बोलण्याचा विषय आहे काय, असे त्यांस वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु या सभागृहात नजर टाकावी, तर ज्याच्या अंगावर टाक्यांची एखादी खूण नाही अथवा ज्याच्या घरातील कोणी शस्त्रक्रियेच्या दालनातून जाऊन आलेले नाही, असे कुटुंब विरळाच सापडेल. असे असूनही या अनुभवाविषयी आपण एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाही. ही मौनाची सवय कशी घातक ठरू शकते, आणि एखादा साधा कागद व थोडे धैर्य यांच्या बळावर ती कशी मोडता येते, हे सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

आरंभीच स्पष्ट करतो की आम्ही वैद्यकीचे पदवीधर नव्हे. छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास व मराठी हे विषय शिकविले, एवढीच आमची पुंजी. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार इतकाच की १९५७, १९८१ आणि २०१९ अशा तीन वर्षी आम्ही संपूर्ण भुलीखाली गेलो आणि तिन्ही वेळा परत आलो. या बासष्ट वर्षांत शास्त्र कसे बदलले, हे आमच्या एकट्याच्या देहावर नोंदले गेले आहे.

आपली भाषा मोठी मार्मिक आहे. 'भूल' या एकाच शब्दाने आपण चूक दाखवितो, विसर दाखवितो, मोह दाखवितो आणि शस्त्रक्रियेच्या वेळची बेशुद्धीही दाखवितो. भूल देणाऱ्या तज्ज्ञाचे काम असे की, रोग्यास भूल पडली पाहिजे आणि त्याची स्वतःची मात्र क्षणभरही भूल होता कामा नये. रोग्याचे भान त्याच्यापाशी ठेव म्हणून राहते, आणि ती ठेव त्याने जशीच्या तशी परत करावयाची असते.

ही कला मानवास फार उशिरा साधली. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे आणि मद्याची सवय असलेल्यास तीव्र मद्य पाजावे, म्हणजे त्याला मूर्च्छा येणार नाही व शस्त्राची वेदना जाणवणार नाही, असे सांगून ठेवले आहे. भोजप्रबंधात भोजराजास मोहचूर्ण देऊन त्याच्या मस्तकावर शस्त्रक्रिया केल्याची कथा येते. तो ग्रंथ पुष्कळ उत्तरकालीन असल्यामुळे तिला कथेइतकेच मोल द्यावे हे बरे. जपानात हानाओका सेइशू या वैद्याने १८०४ साली वनस्पतींचे औषध पोटात देऊन एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली. तथापि साऱ्या जगात पसरलेली भूल ही १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसाची. त्या दिवशी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणास ईथर हुंगविले आणि जॉन वॉरन या वृद्ध शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. जॉर्जिया प्रांतातील क्रॉफर्ड लाँग याने १८४२ सालीच ईथर वापरले होते. परंतु ते त्याने वेळीच प्रसिद्ध केले नाही, म्हणून मानाचे पान मॉर्टनकडे गेले. अनुभव पदरी असून तो सांगितला नाही तर जगास त्याचा उपयोग होत नाही, हा धडा या शास्त्राच्या जन्मापासूनच चिकटलेला आहे. आमच्या आजच्या बोलण्याचे सूत्रही तेच आहे.

१८४७ साली एडिंबरोच्या जेम्स सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्याच वर्षी ईथर कलकत्त्यास येऊन पोहोचले. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढतेवेळी क्लोरोफॉर्मखाली दगावली आणि ही सुखनिद्रा सर्वस्वी निर्धोक नाही हे लोकांस कळून चुकले. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले. तेव्हा प्रसूतिवेदना शमविणे धर्मास सोडून आहे की काय, हा वाद चालू होता तो पुढे हळूहळू मावळला. आपल्याकडे हैदराबादेत १८८८ व १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या धोक्याचा शोध घेण्यासाठी दोन आयोग बसले आणि त्याच नगरीत डॉ. रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत होत्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

महाराष्ट्रातील एक प्रसंग तर आपल्या सर्वांच्या अभिमानाचा आहे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ती चालू असताना विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करण्यात आले. ज्या सरकारने बंदिवान केले, त्याच सरकारच्या शल्यविशारदाच्या हाती गांधीजींनी आपली शुद्ध विश्वासाने सोपविली. भुलीचा सारा व्यवहार हा असा विश्वासाचा व्यवहार आहे.

असो. आता आमच्या अनुभवाकडे वळतो.

१९५७ साली आम्ही नऊ वर्षांचे होतो. वारंवार घसा सुजत असे, म्हणून गाठी काढण्याचे ठरले. मातुःश्रींनी कुलस्वामिनीला नारळ बोलून ठेवला होता. तारेच्या जाळीवर कापडाची घडी घातलेला एक मुखवटा डॉक्टरांनी आमच्या तोंडावर धरला आणि त्यावर बाटलीतून ईथरचे थेंब पडू लागले. 'शंभरापर्यंत अंक म्हण पाहू,' असे कोणी म्हणाले. तो उग्र, गोडसर, गुदमरविणारा वास आज अडुसष्ट वर्षांनंतरही आम्ही ओळखू शकू. श्वास कोंडला, म्हणून आम्ही मान फिरवू लागलो, तो चार हातांनी डोके धरले. कानांत देवळातील घंटेसारखा नाद घुमू लागला, तो जवळ येत गेला, आणि सतरा की अठरा म्हणता म्हणता सर्व नाहीसे झाले. शुद्धीवर आल्यानंतर दिवसभर उलट्या झाल्या. पुढे कित्येक वर्षे पेट्रोलचा वास आला तरी आमच्या पोटात ढवळून येई. त्या काळी भूल म्हणजे बालकाच्या मनात घर करून राहणारी भीती होती, आणि आपल्यातील अनेक वडीलधारी माणसे शस्त्रक्रियेचे नाव काढताच आजही मागे सरतात, त्याचे मूळ अशाच एखाद्या जुन्या मुखवट्यात असते, असा आमचा तर्क आहे.

दुसरा अनुभव १९८१ चा. तोच आज मुख्यतः सांगावयाचा आहे. आमचे वय तेहतीस. रात्री पोटात कळा सुरू झाल्या, पहाटेपर्यंत आंत्रपुच्छाचा विकार असल्याचे निश्चित झाले आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. या खेपेस मुखवट्याचा जाच नव्हता. शिरेतून इंजेक्शन दिले, तोंडात लसणासारखी चव आल्याचा भास झाला आणि पुढे काही आठवत नाही. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. त्यानंतर जे घडले ते निराळे होते.

आम्हांस जाग आली. परंतु देह जागा झाला नाही. भांड्यात लोखंडी हत्यारे टाकल्याचा आवाज स्पष्ट आला. 'अजून स्वतःचा श्वास घेत नाही,' असे कोणी तरी म्हणाले. डोळे उघडावयास गेलो, पापणी हलेना. बोट हलवावयास गेलो, बोट आपले आहे याचीच खात्री वाटेना. छाती वर-खाली होत होती, पण ती आमच्या इच्छेने नव्हे. कोणी दुसराच आमच्यासाठी श्वास घेत होता. मरण म्हणतात ते हेच काय, असा विचार मनात आला. मग शिक्षकाच्या सवयीने आम्ही ते श्वास मोजू लागलो, हजेरीपटावरील नावे घ्यावीत तसे. किती मोजले ते स्मरत नाही. केव्हा तरी डोळ्यांतून पाणी ओघळले असावे. कारण त्याच सुमारास कानापाशी एक शांत आवाज आला : 'मास्तर, तुम्हांला ऐकू येत असेल तर भिऊ नका. शस्त्रक्रिया झाली आहे. एक औषध उतरायला वेळ लागतो आहे. तोवर तुमचा श्वास मी देतो आहे. मी इथून हलणार नाही. आता तुम्हांला पुन्हा झोप येईल.' ते भूलतज्ज्ञ होते. नाडी जलद झालेली पाहून आणि डोळ्यांतील पाणी पाहून त्यांनी ओळखले होते की हा मनुष्य जागा आहे. त्यांनी गुंगीचे इंजेक्शन दिले आणि आम्ही पुन्हा झोपलो.

पुढे वॉर्डबॉयने सांगितले की सुमारे चार तास ते डॉक्टर रबरी पिशवी हाताने दाबीत बसले होते. मध्ये चहा आला, तो तसाच निवून गेला. सायंकाळी आम्ही स्वतःचा श्वास घेऊ लागलो. घरी जाताना रुग्णालयाने दिलेल्या कागदावर मात्र 'शुद्धीवर येण्यास विलंब' एवढीच तीन शब्दांची नोंद होती. त्या रुग्णालयाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. काही वर्षांनी आम्ही सविस्तर कागद मागावयास गेलो, तेव्हा जुनी दप्तरे नष्ट केल्याचे उत्तर मिळाले. ती तीन शब्दांची नोंद खोटी नव्हती. पण पुढील डॉक्टरला सावध करण्यास ती सर्वथा अपुरी होती. जो माणूस उशिरा शुद्धीवर आला आणि जो शुद्धीवर असून हलू शकला नाही, त्या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सुदैवाने त्या भूलतज्ज्ञांनी आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहून आम्हांस निराळी दिली होती. वर इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिले होते : 'या रुग्णास स्कोलीन हे औषध देऊ नये. रक्ताच्या नात्यातील सर्वांनी शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट डॉक्टरांस सांगावी.' मातुःश्रींनी ती चिठ्ठी घरातील ज्या पत्र्याच्या डब्यात सर्वांच्या जन्मपत्रिका होत्या, त्यातच ठेवली. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु ती चिठ्ठी कोणत्या प्रकारच्या कागदांत मोडते हे त्यांनी अचूक ओळखले होते.

या चिठ्ठीचा अर्थ आता थोडक्यात सांगितला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालावयाची, तर स्नायू सैल करावे लागतात. त्यासाठी १९४२ साली मॉन्ट्रिअलच्या डॉ. ग्रिफिथ यांनी दक्षिण अमेरिकेतील बाणांच्या विषापासून, म्हणजे क्युरारेपासून, काढलेले औषध प्रथम भुलीत वापरले. १९५१ च्या सुमारास सक्सामेथोनियम आले. त्याचेच एक व्यवहारातील नाव स्कोलीन. हे औषध एका मिनिटाच्या आत काम करते आणि काही मिनिटांत उतरते. उतरते याचे कारण असे की, आपल्या रक्तात यकृताने तयार केलेला एक पाचक पदार्थ असतो, तो या औषधाचे तुकडे करून टाकतो. काही थोड्या माणसांत हा पदार्थ जन्मतःच सदोष असतो. युरोपीय लोकांत असे प्रमाण दोन-तीन हजारांत एक इतके सांगितले जाते. अशा मनुष्यात ते काही मिनिटांचे औषध कित्येक तास टिकते. तोवर यंत्राने अथवा हाताने श्वास चालू ठेवला आणि रोग्यास झोपवून ठेवले, तर कोणताही कायमचा अपाय होत नाही. मात्र हे कोणाच्या ध्यानी आले नाही, तर काय होईल ते सांगावयास नको. कॅनडातील वेर्नर कालो यांनी १९५७ साली, म्हणजे आम्ही ईथर हुंगत होतो त्याच वर्षी, हा दोष ओळखण्याची रक्ततपासणी प्रसिद्ध केली होती.

हा दोष आई व वडील या दोघांकडून एकेक वाटा आला तरच पुरता प्रकट होतो. एकाच बाजूने आला असेल, तर सहसा काहीच जाणवत नाही. आमचे आईवडील परस्परांचे मामे-आते भाऊबहीण होते. आपल्याकडे असे संबंध पूर्वी सर्रास होत आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. एकाच पूर्वजाकडून आलेला वाटा अशा विवाहात दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे केवळ आमच्याच घराचे नव्हे. ज्या समाजात पिढ्यान्पिढ्या आपसांतच सोयरिकी होतात, त्या प्रत्येक समाजात असा एखादा वाटा साचून राहू शकतो. दक्षिणेकडील वैश्य समाजात हा स्कोलीनचा दोष इतरांहून अधिक आढळतो, हे तेथील भूलतज्ज्ञांच्या ध्यानी आले होते, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागील आनुवंशिक फरकही दाखविण्यात आला. यात त्या समाजाला कमीपणा काही नाही. उलट त्या समाजातील माणूस शस्त्रक्रियेस आला की जाणते डॉक्टर आधीच सावध होतात, हा त्याचा लाभच झाला. ज्ञातीचे बंधन रक्तात काय ठेवून जाते, याचा विचार ज्ञातिसंस्थेने नाही करावयाचा, तर कोणी करावयाचा?

आता धाकट्या बहिणीची गोष्ट तिच्या अनुमतीने सांगतो. १९८६ साली तिचे बाळंतपण जवळ आले होते. आम्ही चिठ्ठीची नक्कल करून तिच्या हाती दिली. तेव्हा मातुःश्रींच्या मनात निराळीच भीती उभी राहिली. त्या म्हणाल्या, 'बाई, सासरी हे बोलू नकोस. घराण्यातच दोष आहे म्हणतील, आणि उद्या तुझ्या लेकीच्या लग्नात हीच गोष्ट आडवी येईल.' त्यांचे बोलणे मायेपोटीच होते आणि त्या काळाच्या रीतीस धरून होते. माहेरचा आजार सासरी झाकावयाचा, हे आपल्या मुलींस न शिकविता शिकविलेले असते. पण बहिणीने नक्कल पदराच्या गाठीत बांधून नेली. प्रसूती अडली आणि पोट उघडून मूल काढण्याची वेळ आली, तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या असतानाच तिने ती डॉक्टरांच्या हाती दिली. डॉक्टरांनी संपूर्ण भूल टाळली, कमरेच्या मणक्यात इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला आणि आई जागी असतानाच मुलीचा जन्म झाला. पुढे आम्हां तिन्ही भावंडांच्या रक्ताची तपासणी झाली. थोरल्या बंधूंत हा दोष निघाला नाही. बहिणीत तो आमच्याइतकाच पुरता निघाला.

सासूबाई काय म्हणाल्या, हे ऐकण्याची उत्सुकता आपणांस असेल. त्यांनी ती चिठ्ठी वाचून घेतली, घडी केली आणि आपल्या देव्हाऱ्याखालील खणात ठेवली. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी जेव्हा झाली, तेव्हा त्याच सासूबाईंनी वरपक्षाला ती आपण होऊन दाखविली. लग्न ठरल्याप्रमाणे पार पडले. ज्याची एवढी भीती बाळगली होती, ते संकट उजेडात आणताच दोन ओळींच्या सूचनेएवढे उरले.

तिसरा अनुभव २०१९ चा. वय एकाहत्तर, पित्ताशयात खडे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया. आदल्या दिवशी एका तरुण भूलतज्ज्ञ बाई आमच्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी तोंड उघडावयास लावून आत पाहिले; नळी सुलभ जाईल की नाही हे ताडण्याच्या या परीक्षेस मल्लंपती या भारतीय वंशाच्या डॉक्टरांचे नाव असून ती १९८५ पासून जगभर चालते, हे त्यांनीच सांगितले. आम्ही त्यांच्या हाती ती जुनी चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, 'आजोबा, ज्यांनी हे लिहिले त्यांनी आमचे निम्मे काम करून ठेवले आहे.' दुसऱ्या दिवशी स्कोलीनऐवजी दुसरे औषध वापरले गेले.

या खेपेस शिरेतून दुधासारखे पांढरे औषध गेले. प्रोपोफोल त्याचे नाव. सोयाबीनच्या तेलात मिसळलेले असल्यामुळे त्यास तो रंग येतो. हातात थोडी आग झाली, छतावरील दिवा जरासा दूर गेला, आणि लगेच कोणी तरी 'आजोबा, डोळे उघडा, झाले' असे म्हणत होते. मध्ये दोन तास गेले होते. झोपेतून उठल्यावर रात्र सरल्याची काही तरी जाणीव असते. भुलीत ती नसते. काळाच्या वस्त्रातून दोन तासांची पट्टी कापून उरलेली टोके शिवून टाकावीत, तसे होते. वार्धक्यात शस्त्रक्रियेनंतर काहींना एक-दोन दिवस भ्रम होतो. त्या रात्री आम्हांसही आपण शाळेतच आहोत असे वाटून आम्ही परिचारिकेस घंटा देण्याची आज्ञा केली म्हणे. नातवाने चष्मा डोळ्यांवर चढविला, हात धरून ठेवला, दिवस-वेळ सांगितली, तेव्हा मन ठिकाणावर आले. वृद्ध रोग्याजवळ चष्मा, श्रवणयंत्र व ओळखीचा चेहरा असणे ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे, हे घरच्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

सांप्रत भुलीतील सुरक्षितता पूर्वीच्या मानाने कितीतरी वाढली आहे. बोटाला लावावयाचे जे चिमट्यासारखे यंत्र २०२०-२१ च्या महासाथीत घरोघरी आले, ते जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७० नंतरच्या दशकातील शोधाचे फळ असून भूलगृहात त्याने असंख्य प्राण राखले आहेत. भुलीत जाग येण्याची ज्यांना धास्ती वाटते, त्यांच्यासाठी सांगतो : २०१४ साली ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत अशी तक्रार सुमारे १९,००० भुलींमागे एक इतकी आढळली. आमच्यावर आलेला प्रसंग इतका विरळ आहे. त्याचे भय धरून आवश्यक शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे विंचवाच्या भीतीने घराबाहेर पुरात जाऊन उभे राहण्यासारखे होय.

तथापि यंत्र कितीही चांगले झाले, तरी जे रोग्यालाच ठाऊक आहे ते यंत्रास कळत नाही. म्हणून चार गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट उपासाची. सुश्रुताचा रोगी जागा असे, म्हणून त्याने जेवणे योग्य होते. आजचा रोगी बेशुद्ध असतो. त्याच्या पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसांत गेले तर प्राणावर बेतते, हे न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतीच्या रोग्यांत दाखवून दिले. सर्वसाधारण नियम असा की हलके अन्न सहा तास आधी बंद, तळलेले-तुपकट आठ तास आधी, आणि साधे पाणी दोन तास आधी. आपल्याकडील गोची दुधाच्या चहाची आहे. 'फक्त घोटभर चहाच तर दिला' असे माया करणारी माणसे म्हणतात. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, अन्न आहे. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ शेवटची समजावी आणि चहा घेतलाच असेल तर तसे सांगून टाकावे. शस्त्रक्रिया चार तास पुढे जाईल, एवढेच.

दुसरी गोष्ट व्यसनांची. तंबाखू, विडी, मद्य आणि आमच्या भगिनीवर्गातील मिश्री यांविषयी मुलांसमोर, सुनांसमोर बोलण्याचा संकोच वाटतो. तर त्यांना खोलीबाहेर पाठवावे, पण भूलतज्ज्ञास खरे सांगावे. तो पंच म्हणून बसलेला नसतो, औषधाचे माप ठरविण्यासाठी बसलेला असतो.

तिसरी गोष्ट औषधांची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाचे औषध, त्याचप्रमाणे वैद्यांचे काढे व चूर्णे ही सर्व सांगावीत. हलणारे दात व कवळी दाखवावी. मंगळसूत्र उतरविण्यास सांगितले तर अशुभ मानू नये. शस्त्रक्रियेत विजेचे उपकरण वापरतात आणि धातू अंगावर असल्यास भाजण्याचा संभव असतो.

चौथी गोष्ट मुख्य. आपल्याला अथवा आपल्या रक्ताच्या माणसाला पूर्वी कधी भुलीत त्रास झाला असेल, म्हणजे शुद्ध उशिरा आली, श्वास अडला, ताप एकाएकी भडकला, कोणी शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावले, तर ते न विचारताही सांगावे. ताप भडकण्याचा असाच एक आनुवंशिक प्रकार असून तो स्कोलीनहूनही दारुण ठरू शकतो. 'काकांचे दैवच तसे' म्हणून आपण जे विसरून जातो, त्यात कदाचित पुतण्याच्या प्राणांची किल्ली असेल.

ज्ञातिबंधुभगिनींनो, आपले मंडळ वधुवरांची यादी ठेवते, कुलवृत्तांत जमविते, गोत्र व देवक विचारते. आमची सूचना नम्र आहे. प्रत्येक घराने आपल्या कुलवृत्तांताच्या वहीस एक पान जोडावे आणि त्यावर घरातील शस्त्रक्रिया, भुलीचे अनुभव, वर्ज्य औषधे यांची नोंद करावी. ही नोंद मंडळाच्या दप्तरात अथवा छापील यादीत नको. तेथे गेली तर मातुःश्रींची भीती खरी व्हावयाची. ती घरातच राहावी, आणि लेक सासरी जाताना तिच्याबरोबर तिची नक्कल जावी. डॉक्टरांकडूनही तीन शब्दांच्या नोंदीवर समाधान मानू नये. काय झाले, कोणत्या औषधाने झाले, हे लिहून मागण्याचा रोग्यास हक्क आहे.

वधूवरांच्या पित्यांस एवढेच सांगावयाचे की, असे पान उघड करणारे घर सदोष नसते, ते प्रामाणिक असते. रक्तात काही ना काही घेऊन प्रत्येकजण आलेला आहे. फरक इतकाच की कोणास ते ठाऊक आहे आणि कोणास नाही. ज्याला जागेपणी मुके पडून राहण्याचा प्रसंग आला, त्याला मौनाचे भय आपणांहून थोडे अधिक वाटत असेल, तर त्याची आपण क्षमा कराल. बोलता येत असताना बोलावे, एवढेच आमचे मागणे आहे.